एक कंबर, तिघांचे हात आणि शंभरपानी वही

लक्ष्मी रस्त्यावरच्या एका साड्यांच्या दुकानात गादीवर बसून साड्या दाखवणारे हे गृहस्थ. वय ४७, नोकरीची पंचवीसेक वर्षं त्याच दुकानात. माझ्याकडे आले ते तुळशीचं लग्न होऊन आठवडा झाल्यावर, म्हणजे लग्नसराईचे बस्ते सुरू व्हायच्या तोंडावर. दारात चप्पल काढताना त्यांनी एका हाताने भिंत धरली आणि एका पायाने दुसऱ्या पायातली चप्पल ओढली. वाकणं टाळायची सवय किती मुरली होती ते तेवढ्यातच कळलं. (ओळख पटेल असे बाकीचे तपशील मी बदलले आहेत.)

"मॅडम, मणक्यात गॅप आलाय," खुर्चीवर टेकायच्या आधीच त्यांनी सांगून टाकलं.

मग पाच महिन्यांची कहाणी. आषाढात गोडाऊनमधून गठ्ठा उचलताना उसण भरली. पहिला आठवडा बाम, शेक आणि दुखण्याच्या गोळीवर गेला. मग मेहुणीच्या ओळखीतल्या एका पायाळू आजींकडे तीन फेऱ्या झाल्या. जन्मताना पाय आधी बाहेर आलेल्या माणसाने कमरेला पाय लावला की उसण उतरते, ही समजूत आपल्याकडे शहरातही अजून टिकून आहे. त्यानंतर एका ठिकाणी कमरेला ताण द्यायला दहा दिवस वजन लावलं, कमरेला पट्टा आला, एमआरआय झाला. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीवर जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत पट्टा आणि वजन हे दोन्ही नेहमीच्या उपचारात देऊ नयेत असं म्हटलं आहे. त्याच कागदात व्यायाम, रुग्णाला दुखण्याची नीट समज देणं, मालीश आणि मणक्यावर हाताने केलेले उपचार यांना मात्र जागा आहे. आमच्या गृहस्थांना नको ते दोन्ही आधी मिळालं होतं.

आणि हवं तेही चालू होतं, फक्त कुणाला कुणाचा पत्ता नव्हता. मोबाईलवर कडाकडा मणके मोडण्याचे व्हिडिओ बघून ते एका कायरोप्रॅक्टरकडे, म्हणजे हाताने झटका देऊन मणके हलवणाऱ्याकडे, दोनदा जाऊन आले होते. शिवाय दर रविवारी पेठेतल्या एका तालमीत वस्तादांकडून अंग रगडून घेणं, हे तर गेली अनेक वर्षं चाललेलंच. कायरोप्रॅक्टर म्हणाले होते, कमरेला दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नका. वस्ताद म्हणाले होते, हाडं मोडणाऱ्याच्या नादी लागू नका. घरात यावरून रोज वाद. तो मिटवायला ते माझ्याकडे, म्हणजे फिजिओथेरपिस्टकडे आले होते. प्रश्न एकच: "दोन्ही चालू ठेवू का एक बंद करू?"

तपासणीत काय दिसलं

आधी भीतीच्या गोष्टी बाजूला काढल्या. लघवी-संडासवरचा ताबा ठीक. बैठकीच्या जागी बधिरपणा नाही. ताप नाही, वजन उतरलेलं नाही, कॅन्सरचा इतिहास नाही. रात्री कूस बदलताना दुखायचं, पण पडून राहिलं की थांबायचं. उताणं झोपवून पाय सरळ ठेवून उचलले, दोन्ही बाजूंनी सत्तर अंशांच्या वर गेले. पायाच्या अंगठ्याची ताकद, गुडघ्यावर ठोकल्यावर पायाने घेतलेली उसळी, पायाची संवेदना, सगळं जागेवर. दुखणं उजव्या कमरेत आणि उजव्या खुब्याच्या मागच्या बाजूला होतं, गुडघ्याखाली कधीच उतरलं नव्हतं. यांतलं एक जरी चुकलं असतं, तर मालीश आणि मणके हलवणं दोन्ही थांबवून मी त्यांना आधी डॉक्टरांकडे पाठवलं असतं.

पुढे वाकल्यावर बोटं जमिनीपासून ३४ सेंटिमीटरवर अडली. दुखणं दहापैकी सहा. रोजच्या कामांत कंबर किती अडवते हे मोजायची जी प्रश्नावली आम्ही वापरतो, तिच्यात शंभरपैकी ४२.

एमआरआयमध्ये चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी थोडी फुगलेली होती. हाच तो 'गॅप'. त्यांना मी २०१५ सालच्या एका आढाव्यातले आकडे सांगितले. कंबर अजिबात दुखत नसलेल्या ३,११० लोकांच्या तपासण्या त्यात एकत्र केल्या होत्या. चाळिशीच्या अशा धडधाकट माणसांत निम्म्यांची गादी फुगलेली निघाली, पन्नाशीत साठ टक्क्यांची. ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "म्हणजे आमच्या मालकांची पण फुगलेली असेल?" असेलच की.

मला जास्त बोलकी वाटली ती दुसरी एक गोष्ट. बसून डावीकडे वळताना त्यांना काहीच त्रास नव्हता. उजवीकडे वळताना मात्र जेमतेम निम्मं वळायचं आणि कळ यायची. का, ते त्यांच्या दुकानात गेल्यावर समजलं. पांढऱ्या गादीवर मांडी घालून बसायचं, डाव्या हाताला मागे कपाट, तिकडे वळून थप्पीच्या मधली साडी उपसायची आणि उजव्या हाताने समोर पदर उलगडून टाकायचा. एका बस्त्याला आठ-दहा जणांचं अख्खं कुटुंब समोर येऊन बसतं आणि "तसलाच, पण काठ जरा मोठा" असं सुरू होतं. एका दुपारी मी गिऱ्हाईक म्हणून कडेला बसून त्यांचं वळणं मोजायला घेतलं. चाळीसच्या पुढे माझा हिशेब सुटला, आणि तो पहिलाच बस्ता होता. (मी एक इंदुरी घेऊन परतले, तो वेगळा विषय.)

दोन कारागीर

कायरोप्रॅक्टिकचा जन्म अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या डॅव्हनपोर्ट गावात, १८९५ साली. डी. डी. पामर हा तिथला चुंबकीय उपचार करणारा माणूस. त्याने एका बहिऱ्या सफाई कामगाराच्या पाठीतला मणका दाबला आणि त्याला ऐकू यायला लागलं, असा दावा केला. मणका जागचा सरकतो, नस दाबतो आणि त्यातून सगळे आजार होतात, हा सिद्धान्त त्यातून निघाला. सिद्धान्त काही टिकला नाही. हाताची कला मात्र टिकली, आणि कंबरदुखीपुरता तिचा माफक उपयोग चाचण्यांत दिसलाही. अमेरिकेत १९१३ साली कॅन्सस राज्याने या मंडळींसाठी पहिला कायदा केला, सगळ्यात शेवटी १९७४ साली लुइझियानाने. आपल्याकडे त्यांच्यासाठी स्वतंत्र परिषद नाही, म्हणून पाटी वाचून काही कळत नाही. कुठे शिकलात, किती वर्षं, हे विचारावं लागतं.

हे गृहस्थ ज्यांच्याकडे जात होते ते परदेशात पूर्ण अभ्यासक्रम करून आलेले होते. मी फोन केला तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो रक्त पातळ करण्याच्या गोळ्यांचा, दुसरा हाडं ठिसूळ असण्याचा. माझा जीव भांड्यात पडला. मालीश का नको, असं मी विचारलं. ते म्हणाले, "नको असं नाही. कोण किती दाबतो ते मला कळत नाही, म्हणून नको."

वस्तादांना भेटायला तालमीवर गेले. मारुतीपुढे बायका जात नाहीत म्हणून तेच बाहेर कट्ट्यावर आले, मांडीला माती तशीच. साठी उलटलेली, हात मात्र अजून पैलवानाचा. त्यांच्याकडे कुठलं प्रमाणपत्र नाही. पण तालमीत मालीश हा वेगळा उपचार नसतोच, जोर-बैठकांसारखा तो मेहनतीचाच भाग, आणि पोरांची दुखरी अंगं ओळखण्यात त्यांचा जन्म गेलेला. माझा प्रश्न ऐकून म्हणाले, "ताई, गच्च झालेलं अंग आधी मऊ करावं लागतं. गच्च अंगावर झटका मारला तर अंगच उलटा झटका मारतं." आमच्या पुस्तकात याला स्नायूंचं संरक्षक आकुंचन म्हणतात. वस्तादांचं वाक्य जास्त चांगलं आहे.

बिघडलेली संध्याकाळ

हे सगळं जुळवायच्या आधीच एक घोळ झाला होता. माझ्याकडे येण्याच्या दहा दिवस आधी एका संध्याकाळी सहा वाजता त्यांनी कमरेवर झटके घेतले. चार आवाज आले म्हणून खूश होते. त्याच खुशीत साडेआठला तालमीत गेले आणि वस्तादांना सांगितलं, आज मोकळं झालंय, आज पुरतं काढून टाका. सहा वाजता काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही, कारण वस्ताद रागावले असते. वस्तादांनी कोपर लावलं, नेमकं तिथेच.

सकाळी पलंगावरून उठता येईना. शेवटी बायकोने कुशीवर वळवून पाय खाली सोडले, तेव्हा उठले. दोन दिवस दुकान बुडालं.

कायरोप्रॅक्टरांच्या मते दोष कोपराचा, वस्तादांच्या मते झटक्याचा. माझ्या मते दोन्ही उपचार आपापल्या जागी ठीक होते आणि मात्रा दुप्पट झाली होती. एकाच औषधाच्या दोन गोळ्या दोन डॉक्टरांकडून घेतल्यासारखं. दोघांनाही वाटत होतं की या कमरेवर आज फक्त आपलाच हात पडला आहे.

आवाजाबद्दल इथेच सांगते, कारण हा आवाजच सगळ्यांना भुरळ घालतो. तो हाड जागेवर बसल्याचा आवाज नसतो. सांध्यातल्या वंगणासारख्या द्रवावरचा दाब एकदम कमी झाला की त्यात वायूची पोकळी तयार होते. कॅनडात २०१५ साली बोटाचा सांधा ओढताना एमआरआयमध्ये ही पोकळी घडताना टिपली आहे. एकदा वाजलेला सांधा पुढची वीसेक मिनिटं परत वाजत नाही. आणि वाजला नाही म्हणून उपचार वाया गेला, असंही नसतं. आमचे गृहस्थ मात्र पुढेही बरेच दिवस "आज दोनच वाजले" असं पडेल आवाजात सांगायचे.

त्याच भरात एकदा म्हणाले, "मानेचं पण करून घेऊ का? न्हावी तर फुकट मोडतो." मी नाही म्हटलं. मान दुखत नव्हती हे एक कारण. दुसरं असं की मेंदूकडे जाणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांतल्या भोकांतून वर जातात आणि कवटीखाली वळण घेतात. झटक्याने मान फिरवताना त्यांचं अस्तर फाटणं विरळच, पण झालं तर पक्षाघात होऊ शकतो. दाढीनंतरच्या त्या मोफत सेवेलाही नको म्हणा, असं सांगितलं. ते त्यांनी किती पाळलं, देव जाणे.

वही

मी एक शंभरपानी वही आणली. नियम एवढाच की ती कमरेबरोबर फिरेल. जो हात लावेल त्याने तारीख, काय केलं आणि किती जोराने, हे लिहायचं. गृहस्थांनी दुसऱ्या दिवशी सकाळी एकच गोष्ट लिहायची: पँट घालायला बसावं लागलं की उभ्याने जमलं.

क्रम असा लावला. सोमवारी आणि गुरुवारी रात्री दुकान बंद झाल्यावर वस्तादांचा हलका हात, वीस-पंचवीस मिनिटं, कमर आणि खुब्याच्या मागची बाजू. कोपर आणि गुडघा बंद. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी कायरोप्रॅक्टर. तिथून सरळ माझ्याकडे, अर्धा तास व्यायाम, आणि मग दुकान.

हलक्या हाताला वस्ताद तयार नव्हते. "एवढ्याने काय होतंय?" मी त्यांना सिएटलची एक चाचणी सांगितली. २०११ साली छापून आली, जुनाट कंबरदुखीचे ४०१ लोक होते. काहींना नुसती सैल करणारी मालीश, काहींना खोल, नेमक्या जागेवर दाबणारी, काहींना नेहमीचे उपचार. दहा आठवड्यांनी मालीशवाले दोन्ही गट नेहमीच्या उपचारांपेक्षा बरे निघाले, आणि दोघांमध्ये सांगण्यासारखा फरक निघाला नाही. वस्ताद हसले. म्हणाले, "अमेरिकेत पैलवान नसतील." पण हात हलका ठेवला.

झटक्यानंतर लगेच व्यायाम का, याचं कारण असं की झटका आणि मालीश दोन्ही काही काळासाठी दार उघडतात. दुखणं कमी होतं, शरीर कमी घाबरतं. त्या वेळात वाकलं-वळलं तर मेंदूला कळतं की वाकून चालतंय. २००४ साली छापून आलेल्या ब्रिटनमधल्या १,३३४ रुग्णांच्या चाचणीत मणक्यावरचा हाताचा उपचार आणि त्यामागून व्यायाम अशी जोडी वापरली होती. फायदा तीन महिन्यांनी माफक होता, वर्षाने त्याहूनही कमी. चमत्काराची भाषा करणाऱ्यांनी हा 'माफक' शब्द लक्षात ठेवावा.

व्यायाम साधेच दिले. कंबर सरळ ठेवून खुब्यातून वाकणं, आधी काठी पाठीला लावून, मग पाण्याची कळशी उचलून. कुशीवर कोपरावर तोलून धरणं. उजवीकडे वळणं, रोज थोडं जास्त. आणि रात्री दुकानातून घरी येताना दोन स्टॉप आधी उतरून चालणं.

वहीची पहिली पानं बघण्यासारखी आहेत. कायरोप्रॅक्टरांच्या नोंदी इंग्रजीत, दीड ओळीच्या. खाली मी वस्तादांसाठी मराठीत अर्थ लिहायचे. वस्तादांचं अक्षर मोठं, पेन्सिलने: "उजवा खुबा दगड. हलका हात. झोपले." दुसऱ्या आठवड्यात: "आज कमरेला पाणी सुटलं." हे मला समजलं नाही म्हणून विचारलं. म्हणाले, गच्च अंग सुटलं की हाताखाली ओलसर लागतं. मी ते तसंच ठेवलं.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी बोटं जमिनीपासून १९ सेंटिमीटरवर आली, दुखणं तीनवर.

मग कशाने बरं वाटलं

चौथ्या आठवड्यात मी दोघांना वेगळं करून पाहिलं. त्या आठवड्यात फक्त मालीश, पाचव्यात फक्त झटके, व्यायाम दोन्हीकडे तोच. वहीतून दिसलं ते असं: झटक्याच्या दिवशी वाकणं तिथल्या तिथे सुधारायचं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत परत जुन्या जागी यायचं. मालीशनंतर वाकण्यात फारसा फरक नाही, पण दोन रात्री झोप सलग. कंबरदुखी आणि तुटक झोप या एकमेकींच्या सख्ख्या बहिणी आहेत, त्यामुळे मी त्या झोपेला कमी लेखत नाही. तिसऱ्या दिवशी मात्र दोन्हींचा असर संपलेला असायचा. सहाव्या आठवड्यात दोन्ही बंद केलं, फक्त व्यायाम. कमावलेलं टिकलं.

यावरून मी निकाल लावू शकले असते, पण मधेच एक गोष्ट घडली होती आणि ती माझा सगळा हिशेब बिघडवते. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी दुकानात जागा बदलली.

हे सांगायला सोपं आहे. साड्यांच्या दुकानात गादीवरची जागा म्हणजे पत असते. दाराजवळची पहिली जागा जुन्या माणसाची, आत येणारं गिऱ्हाईक आधी त्याच्यासमोर बसतं. ही जागा त्यांना बारा वर्षांनी मिळाली होती. कपाट उजव्या हाताला यावं म्हणून समोरच्या रांगेत, आतल्या बाजूला बसायचं, हे मी पहिल्याच आठवड्यात सुचवलं होतं. तेव्हा त्यांनी विषयच बदलला. मग बस्त्यांची गर्दी वाढली आणि एका दुपारी कळ इतकी आली की त्यांनी स्वतःहून धाकट्या सहकाऱ्याला म्हटलं, "चल, तू बस इकडे." मालकांनी भुवई उचलली, बोलले काही नाहीत. घरी जाऊन त्या रात्री जेवले नाहीत, असं बायकोने मला फोनवर सांगितलं.

तेव्हा कंबर झटक्यांनी सुटली, मालिशीने सुटली, व्यायामाने सुटली, की पंचवीस वर्षं एकाच बाजूला पिळली जाणारी ती दुसऱ्या बाजूला वळायला लागली म्हणून? शिवाय काही कंबरा काहीही न करता सहा महिन्यांत सुधारतात, तेही आहेच. एका माणसाच्या वहीतून याचं उत्तर निघत नाही. तरीही माझा कौल विचारलात तर पहिला नंबर जागा बदलण्याला देईन, दुसरा व्यायामाला. झटका आणि मालीश यांनी व्यायाम करण्याइतकी कंबर मोकळी ठेवली आणि भर सीझनमध्ये माणूस कामावर राहिला. पाच महिने वाकायला घाबरलेल्या माणसाला तेवढंही कमी नव्हतं.

पैशाचा भाग राहिला. कायरोप्रॅक्टरांनी चोवीस बैठकांचं पॅकेज विकलं नाही, दहाव्या बैठकीला "आता गरज पडली तरच या" म्हणाले. पॅकेज आधी आणि तपासणी नंतर अशी दुकानंही मी पाहिली आहेत. तिथून रुग्ण परत आणणं फार अवघड जातं, कारण भरलेले पैसे त्याला तिकडे ओढत असतात.

आठव्या आठवड्याला मोजमाप घेतलं तेव्हा बोटं जमिनीपासून ११ सेंटिमीटर, दुखणं दोन, प्रश्नावलीत ४२ वरून १६. पट्टा माळ्यावर गेला होता. उजवीकडे वळणं डावीकडच्या बरोबरीला आलेलं नाही आणि बहुधा येणारही नाही. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास एकदा जोराची उसण भरली. दोन दिवस शेक घेऊन ते चालत राहिले, कुणाकडेच गेले नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी दुकान.

रविवारची तालीम सुरूच आहे, ती कधी बंद होणार नव्हतीच. पावसाळ्याच्या तोंडावर वही माझ्याकडे परत आली. शेवटची नोंद वस्तादांची, पेन्सिलने: "कंबर नको म्हणाले. फक्त पोटऱ्या."